दिंडोरीकडची वाईनरी: तोडणीला जा, टबात उतरू नका

आधीच सांगतो, द्राक्षं तुडवायचे माणशी हजार रुपये मागितले तर देऊ नका. मी दिले, वर बायकोचे वेगळे.

फोनवर 'वेलीपासून बाटलीपर्यंत सगळं तुम्ही स्वतः करायचं' असं सांगितलेलं, म्हणून फेब्रुवारीत दिंडोरी तालुक्यातल्या एका घरगुती वाईनरीवर दोन दिवस गेलो (नाव घेत नाही, माणसं वाईट नाहीत). बघतो तर लाकडी टब, मोठ्याने गाणी, फोटोवाला, आणि टबात हिरवे लांबट मणी, एकात बी नाही. अहो ही तर थॉम्पसन, आमच्या बिल्डिंगखाली हातगाडीवर मिळते ती! काउंटरवरच्या पोराला विचारलं तर म्हणे, सर हे फक्त फोटोपुरतं, पायाखालचं वाईनमध्ये जात नाही, खड्ड्यात जातं, खत होतं. म्हणजे दोन हजार देऊन आम्ही नवराबायकोने खत केलं. परत येईपर्यंत गाडीत हाच विषय.

खरं काम पहाटे साडेपाचला चालतं आणि ते पॅकेजमध्ये नाहीच, रात्री मालकांच्या वडिलांना विचारलं तेव्हा म्हणाले या की, फुकट. ऊन चढायच्या आत गार माल आत गेला पाहिजे म्हणून एवढ्या लवकर. खाण्याच्या द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो, इथे शिराझचे (लाल वाईनची द्राक्षं) घड कमरेखाली, त्यामुळे वाकून वाकून दीड तासात माझी पाठ गेली, शेजारच्या मावशी मात्र गप्पा मारत क्रेटवर क्रेट भरत होत्या. कात्री तिथे मिळते, बूट जुने घाला, डाग जात नाहीत.

या काकांना, म्हणजे मालकांच्या वडिलांना, गाठाच. त्यांची आधी एक्सपोर्टची बाग होती. तिथे जीएमध्ये (वाढीचं संजीवक) घड बुडवून मणी फुगवायचे, इथे नेमकं उलटं, मणी बारीकच हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो, मणी फुगला की नुसतं पाणी. छाटणी मात्र दोन्हीकडे दोनदा, एप्रिलात खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी) आणि पावसाळा सरताना फळछाटणी, पीक एकच. 'फ्रान्सात थंडीत वेल झोपतो, आपल्याकडं झोपतच नाय सायेब, कात्रीनंच सांगावं लागतं.' मग रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचं यंत्र) एक थेंब रस टाकून दाखवला, २३ ब्रिक्स. इतकी साखर आली की तोडायचं.

आतली टूर वीस मिनिटांत उरकतात. एवढंच लक्षात ठेवा, पांढरीचा रस लगेच दाबून काढतात, लालचा सालीसकट आंबवतात आणि वर आलेला सालींचा थर रोज खाली दाबतात. ते बघायला टाकीवर वाकू नका, कार्बन डायऑक्साइड असतो, नाकात असा झणका बसला की मी दोन पावलं मागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंगापूर धरण, छान आहे.

जायला कॅब मिळते, परतीला ॲपवर एकही नाही, शेवटी ओळखीतल्या गाडीवाल्याने नाशिक रोडपर्यंत अठराशे घेतले. जातानाच परतीचं ठरवून टाका. आणि २६ किंवा ३० जानेवारी अजिबात पकडू नका, ड्राय डे असतो, एवढ्या लांब जाऊन द्राक्षाचा ज्यूस प्याल.