विजयदुर्गची खाडी : ओहोटी धरून जा

विजयदुर्गला बहुतेक जण दुपारी पोचतात, किल्ला बघतात आणि सूर्यास्त झाला की गाडीत बसतात. पहिल्या खेपेला आम्हीही तेच केलं. यंदा माघात मी आणि ताई तिथी बघून निघालो.

कोकणातला हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण ओहोटी. त्या वेळी किल्ला सोडून आधी गोदी गाठा. किल्ल्यापासून साधारण तीन किलोमीटर आत, खाडीकाठी कातळ फोडून केलेला हा आंग्र्यांचा हौद शंभर मीटरहून लांब आहे. जहाज भरतीला आत घ्यायचं, पाणी उतरलं की बूड कोरडं होतं, मग डागडुजी. आम्ही गेलो तेव्हा तळाचा चिखल उघडा होता आणि दगडाला चिकटलेल्या कालवांवर पाण्याची ओली रेघ स्पष्ट दिसत होती. अष्टमीला जाऊ नका, तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी फारसं उतरत नाही. चप्पल घट्ट पट्ट्याची हवी. कालवं पाय कापतात.

खाडी म्हणजे वाघोटन नदीचं बुडालेलं खोरं. समुद्राची पातळी वाढली तसं पाणी आत शिरलं, म्हणून इथे खोलीही आहे आणि आडोसाही. मुखाच्या दक्षिण अंगाला किल्ला, पलीकडचा काठ रत्नागिरी जिल्ह्यात. किल्ल्याला पूर्वी चारी बाजूंनी पाणी होतं. जमिनीकडचा खंदक बुजून आज थेट दरवाजापर्यंत रस्ता जातो.

खाडीकडच्या तटावर उभं राहिलं की फेब्रुवारी 1756 डोळ्यांसमोर येतं. इंग्रज ॲडमिरल वॉटसनची जहाजं मुखातून आत घुसली. जमिनीवरून पेशव्यांची फौज होतीच. तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच आडोशाला नांगरलेलं होतं. एका तोफगोळ्याने ‘रिस्टोरेशन’ पेटलं. हे जहाज आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेलं. आग एकातून दुसऱ्यात गेली आणि सगळं आरमार जळालं. एका मराठी सत्तेने दुसरीचं आरमार बुडवायला परक्यांची मदत घेतली, हे तिथे उभं राहून फार लागतं. ताई बराच वेळ काही बोलली नाही.

मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याला वळा, तिथून पन्नासेक किलोमीटर. तिहेरी तटबंदी नीट बघायला तीन तास ठेवा. पुष्कळ ठिकाणी कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बरा. पाणी सोबत घ्या. परतताना गिर्ये गावात रामेश्वराच्या देवळाकडे उतरणारी, कातळात खोदलेली वाट आहे. तिथे अर्धा तास थांबाच.