पाकिटाची मागची बाजू

मुलीला वरणभात सुरू करायचा होता, म्हणून गेल्या वर्षी मी पहिल्यांदाच सेंद्रिय तूरडाळ घ्यायला गेले. दुकानात चार पाकिटे होती. एकावर ‘नैसर्गिक’, दुसऱ्यावर ‘रसायनमुक्त’, तिसऱ्यावर ‘थेट शेतातून’ असे ठळक छापलेले होते, आणि हिरवी पाने तर चारहींवर होती. त्यांतले सर्वांत महाग पाकीट मी घेतले. घरी येऊन नीट पाहिले, तर त्यावर चौकोनातल्या हिरव्या ठिपक्याखेरीज एकही खूण नव्हती. तो ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो.

मग मी नियम शोधून वाचले. सेंद्रिय अन्नासाठी २०१७ साली स्वतंत्र विनियम झाले असून ‘सेंद्रिय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला साधारणतः दोनपैकी एका पद्धतीचे प्रमाणन लागते. पहिल्या पद्धतीत मान्यताप्राप्त संस्था येऊन तपासणी करते आणि अशा मालावर ‘इंडिया ऑरगॅनिक’ हे चिन्ह असते. दुसरी पद्धत पीजीएस-इंडियाची. तीत गटातले शेतकरी एकमेकांची शेते तपासतात. ‘जैविक भारत’ हे चिन्ह दोन्हींना सामाईक म्हणून आणले गेले.

माझा खरा गोंधळ उडाला तो ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ या शिक्क्याने. तो वरच्या दर्जाचा असावा, असे मी कितीतरी दिवस समजत होते. प्रत्यक्षात जमीन अजून सेंद्रिय पद्धतीकडे वळण्याच्या टप्प्यात आहे, असा त्याचा अर्थ होतो. तो टप्पा पूर्ण झाल्यावरच ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ मिळते. असा माल मी आजही घेते, कारण त्या मधल्या वर्षांत शेतकऱ्याला गिऱ्हाईक टिकणे फार गरजेचे असते, असे मला मनापासून वाटते. फक्त काय घेतो आहोत, हे ठाऊक असावे.

इंद्रायणी तांदूळ मात्र मी मावळातल्या एका शेतकऱ्याकडून घेते आणि त्याच्या पोत्यावर कोणतेही चिन्ह नसते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला प्रमाणनातून सूट आहे, पण मग ‘जैविक भारत’चे चिन्ह त्याला वापरता येत नाही. तिथे वाचायला काही नसल्यामुळे मी विचारते: खत कोणते, कीड पडल्यावर काय फवारले, शेजारच्या शेतात काय चालते. शेवटच्या प्रश्नावर त्यांनी मला बांधावर नेऊन दाखवले. शेजारी औषध मारतो म्हणून कडेच्या काही ओळींचे भात ते वेगळे झोडतात आणि गावातल्या गिरणीवर साध्या भावाने घालतात.