बाळाच्या मुठीतलं गाजर

खानापूरची बस. समोरच्या सीटवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ, मुठीत कच्चं गाजर. आजी म्हणाल्या, "दात येत्यात, हिरड्या शिवशिवत्यात. चावू दे की!"

शिवशिवतात, खरंय. पण खालच्या दोन दातांनी गाजराचा तुकडा मोडतो आणि तो बारीक करायला दाढा नसतात. तुकडा थेट घशाकडे.

तेच गाजर बोटाएवढं लांब कापून वाफवायचं. अंगठा आणि तर्जनीत दाबलं की चेंगरलं पाहिजे. नाही चेंगरलं तर अजून कच्चं आहे. रताळं, भोपळा तसंच. इडलीची लांब फोड तर आयतीच. भाकरी मात्र आमटीच्या पातळ पाण्यात (तिखट-मीठ घालायच्या आधीच्या) पार मऊ भिजवून.

चिरमुरे, फुटाणे, अख्खे शेंगदाणे नकोच. दाण्याचं अगदी बारीक कूट पेजेत कालवून चालतं. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातून बोटुलिझमचा (जंतूंच्या विषानं अंग लुळं पाडणाऱ्या आजाराचा) धोका असतो. आणि कौतुकाचा कुंदासुद्धा (बेळगावकडची खव्याची मिठाई) थांबू दे. साखर फार त्यात.

हिरड्या फारच ठणकत असतील तर स्वच्छ ओलं फडकं फ्रीजमध्ये गार करून चघळायला द्यावं. बर्फासारखं कडक नको.

खाताना बाळ ताठ बसलेलं हवं, हलत्या बसमध्ये नको. ओकारी काढत खोकलं तर बहुधा स्वतःच सावरतं. आवाजच बंद झाला, तर तो घास अडकलेला.

प्रवासात रडं थांबवायला तुमच्या पिशवीत काय असतं?