तुम्ही विचारलंत म्हणून: परक्या सैनिकांच्या कबरींवर झेंडे कशाला लावता?

मे महिना आला की हा प्रश्न येतोच. पुण्याहून आत्या फोनवर विचारते, इथे मंडळात भेटणारे विचारतात, की तुमच्या घरातलं कोणी अमेरिकन आर्मीत नव्हतं, आपल्यात तर पुरतही नाहीत, मग मेमोरियल डेच्या आधीचा अख्खा शनिवार सिमेट्रीत कशाला घालवायचा? (आत्याला खरी काळजी वेगळीच असते, आल्यावर आंघोळ करूनच घरात शिरतेस ना? हो आत्या, करते.)

आधी काम काय ते सांगते. मेमोरियल डे म्हणजे मे महिन्यातला शेवटचा सोमवार, दिवस खरं तर युद्धात गेलेल्यांचा, पण गावातल्या सिमेट्रीत सैन्यात नोकरी केलेल्या प्रत्येकाच्या कबरीवर झेंडा लागतो, मग तो लढाईत गेलेला असो नाहीतर म्हातारपणी घरच्या पलंगावर. आमच्या पेनसिल्व्हेनियात झेंडे आणि ते खोवायचे धातूचे मार्कर काउंटीने द्यायचे असा कायदाच आहे. लावायला मात्र माणसं लागतात, ती म्हणजे अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेतले आजोबा, स्काउटची पोरं आणि आमच्यासारखे आलेगेले. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या मोठ्या लष्करी सिमेट्रीत हेच काम फौजेचे जवान करतात, तिथे दोन लाख साठ हजारांच्या वर कबरी आहेत आणि दगडापासून एक बूट अंतर मोजून झेंडा रोवतात. आमच्याकडे बूट कोणी मोजत नाही, फक्त गवत कापायचं मशीन फिरेल तिथे झेंडा येऊ द्यायचा नाही, दगडाला धरून लावायचा. माती कडक असली की लाकडी काडी मोडते, म्हणून आधी जाडा स्क्रूड्रायव्हर खुपसून भोक करायचं आणि मग काडी घालायची.

खरं काम म्हणजे कबर शोधणं. अलीकडच्या दगडांवर कोरिया, व्हिएतनाम स्वच्छ लिहिलेलं असतं. पण १८६१ ते ६५ च्या, अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धातल्या सैनिकांचे पांढऱ्या संगमरवराचे दगड दीडशे वर्षांच्या पावसाने इतके झिजलेत की समोर उभं राहून काही म्हणजे काही वाचता येत नाही. सरकारने दिलेल्या दगडावर वरच्या बाजूला ढालीचा आकार खोदलेला असतो, तो आधी बोटांना लागतो, मग त्याच्या आत नाव, खाली कंपनी आणि रेजिमेंट. सकाळचं ऊन तिरपं पडत असताना थोडं पाणी मारलं की अक्षरं उठून दिसतात, ऊन डोक्यावर आलं की गेली. काही ठिकाणी मार्करच नाही, पितळेचे मार्कर भंगारात विकायला चोरतात लोक, अशा वेळी लीजनच्या जुन्या यादीवरून रांगा मोजत जायचं. आणि नाव सापडलं की ते मोठ्याने म्हणायचं, असा आमच्या ग्रुपचा रिवाज आहे, पोरांनाही तेच शिकवलंय.

आता का जाते ते. या जुन्या माणसांचं कोणी उरलेलं नाही हो. पणतू-खापरपणतू असले तरी कुठल्या कुठे पांगलेत, त्यांना पत्ताही नसेल की आपला कोणी इथे आहे. म्हणजे करायचं तर परक्यानेच. आणि ही प्रथा सुरूही परक्यांनीच केली असं मला वाटतं. तारीख सगळे १८६८ ची सांगतात, त्या वर्षी उत्तरेच्या माजी सैनिकांच्या संघटनेचा प्रमुख जनरल जॉन लोगन याने कबरींवर फुलं वाहायला ३० मे हा दिवस ठरवून दिला, ते बरोबरच आहे. पण त्याच्या तीन वर्षं आधी, १ मे १८६५ ला, साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनमध्ये नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी काय केलं बघा. तिथल्या घोड्यांच्या रेसकोर्सवर दक्षिणेच्या सैन्याने कैद्यांची छावणी केली होती, तिथे मेलेले उत्तरेचे अडीचशेहून जास्त सैनिक एका खड्ड्यात टाकलेले होते. या लोकांनी ते बाहेर काढून एकेकाला नीट पुरलं, भोवती कुंपण घातलं, आणि त्या दिवशी सुमारे दहा हजार माणसं फुलं घेऊन आली, पुढे शाळेतली मुलं. त्या सैनिकांची नावंही त्यांना माहीत नसणार.

कोणी म्हणतं, म्हणजे तुमचा अमेरिकेच्या युद्धांना पाठिंबा का? नाही. काही युद्धं सरळसरळ चुकीची होती असंच माझं मत आहे आणि लीजनच्या आजोबांपुढेही मी ते बोललेय, त्यातल्या एक-दोघांचं मतही काही वेगळं नाही. अठरा-एकोणीसच्या पोराला कुठे पाठवायचं हे ते पोर ठरवत नाही.

आणि आत्याला मी यशवंत घाडग्यांचं सांगते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, मराठा रेजिमेंटचे नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले, वय बावीस. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ओळखीची कबर नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे. रायगडातून तिथे कोण रोज जाणार आहे! पण २०२३ मध्ये मोंतोने नावाच्या इटालियन गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं, गावाने आणि तिथल्या लष्करी इतिहासकारांनी मिळून केलं. त्या लोकांचे घाडगे कोण लागत होते?

आत्याने ते ऐकलं आणि म्हणाली, बरं, जा मग, पण डोक्यावर टोपी घाल. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर सकाळी लवकर या, ऊन तिरपं असतं तेव्हाच, मुलांना आणलंत तरी चालेल. स्क्रूड्रायव्हर, पाण्याची बाटली आणि एक रिकामी पिशवी आणा, गेल्या वर्षीचे विटलेले झेंडे गोळा करायला. ते कचऱ्यात टाकायचे नसतात, लीजनवाले १४ जूनला, फ्लॅग डेला, रीतसर जाळतात.