दादाच्या प्रत्यार्पणाच्या वेळी मला काय कळलं

अमेरिकेने खटल्यासाठी दादाचा ताबा मागितलाय हे घरी कळलं, तेव्हा तो तिहारमध्ये होता. मिरजेहून दिल्लीला जाताना मी पिशवीभर कागद नेले. बँकेचे उतारे, ईमेल, साक्षीदारांची नावं. दिल्लीच्या पतियाळा हाउस कोर्टात त्यातलं फार थोडं चाललं. 1962 च्या प्रत्यार्पण कायद्यात मॅजिस्ट्रेटपुढे खटला नसतो, चौकशी असते. गुन्हा प्रत्यार्पणात बसतो का आणि सकृद्दर्शनी, म्हणजे खटला चालवण्यापुरता, पुरावा आहे का, एवढंच बघतात. निर्दोष आहे की नाही ते तिकडच्या कोर्टात.

निकाल विरोधात गेला. मी कॉरिडॉरमध्ये रडत बसले होते. वकीलबाई म्हणाल्या, "ताई, रडायला नंतर वेळ आहे. सरकारसाठीचं निवेदन लिहिलंत का?"

मला हे ठाऊकच नव्हतं. मॅजिस्ट्रेटच्या अहवालासोबत आरोपीचं लेखी निवेदनही केंद्र सरकारकडे जातं, कलम 7 मध्येच तसं आहे. सोपवायचं की नाही, हे शेवटी सरकार ठरवतं. मामला किरकोळ असेल, मागणी प्रामाणिक नसेल, सोपवणं अन्यायाचं होणार असेल, तर कलम 29 खाली सरकार सोडूनही देऊ शकतं. "हायकोर्ट पहिलं हेच विचारेल, की हे सरकारपुढे मांडलं होतंत का," बाई म्हणाल्या.

लॉजवर रात्रभर लिहिलं. दादाची बायपास, डॉक्टरांचं पत्र, रोजच्या गोळ्यांची यादी. पाठवणारच असाल तर उपचारांची लेखी हमी तरी घ्या, अशी विनंती केली. अबू सालेमला पोर्तुगालहून आणताना 25 वर्षांवर कैद होणार नाही अशी हमी आपल्याच सरकारने दिली होती, आणि ती पाळावीच लागेल असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. हमीला किंमत असते, हे मला त्यावरून पटलं होतं.

सोपवण्याचा आदेश आला, त्यात निवेदनाचा उल्लेखच नव्हता. संविधानाच्या कलम 226 खाली हायकोर्टात रिट याचिका घातली. पाठवावं की नाही हे आम्ही ठरवणार नाही, असं न्यायमूर्तींनी सुरुवातीलाच सांगितलं. पण निवेदन विचारात घेतलं का, याचं उत्तर फाइलमध्ये सापडेना. कारणांसह नव्याने निर्णय घ्या, म्हणून प्रकरण परत गेलं.

दुसरा आदेशही पाठवण्याचाच होता. मात्र कारणं दिलेली होती आणि उपचारांची हमी नोंदवलेली होती. यावर पुन्हा भांडायला जागा नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

न्यायला आलेल्या अधिकाऱ्यांनी दादाच्या गोळ्या एकेक करून यादीशी ताडून घेतल्या. यादी माझ्याच अक्षरातली होती.