तुम्ही विचारलंत म्हणून: गोऱ्यांच्या पलटणीचं एवढं काय?

पुण्याच्या फौजेवर काहीही लिहिलं की हा प्रश्न ठरलेला: आपल्या मराठा पलटणी असताना दुसऱ्या डॉर्सेटचं, म्हणजे इंग्रजांच्या डॉर्सेट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचं, एवढं कौतुक कशाला? एकदाच नीट उत्तर देतो.

कौतुक नाहीच. 1914 च्या ऑगस्टमध्ये, पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, दुसरी डॉर्सेट पुण्यात होती. सोळाव्या, म्हणजे पूना ब्रिगेडमध्ये एक गोरी पलटण आणि तीन देशी: 20 वी पंजाबी, 104 वी वेलस्ली रायफल्स आणि 117 वी मराठा. 6 नोव्हेंबर 1914 ला तुर्कांशी लढायला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, फावच्या किनाऱ्यावर उतरली ती ही ब्रिगेड. शैबा, टेसिफॉन, कूत, तिथल्या सगळ्या लढायांत डॉर्सेट आणि मराठे जवळपास बरोबरच लढले. एकीचा माग काढायचा तर दुसरी सोडून चालत नाही.

आणि खरं सांगायचं तर कागद. डॉर्सेटचा साधा सोजीर, म्हणजे गोरा शिपाईसुद्धा नावानिशी सापडू शकतो. त्याचं पदकाचं कार्ड असतं, आणि थडगं नसेल तर बसऱ्याच्या स्मारकावर नाव कोरलेलं असतं. त्याच स्मारकावर हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावं आहेत, पण रत्नागिरी-साताऱ्याचा शिपाई पलटणीच्या नावाखाली निव्वळ आकडा झाला आहे. तेव्हा मी गोऱ्यांचं लिहितो यात सोयीचा भाग आहे, हे मान्य.

तरी तो कागदही सरळ नसतो. 1940 च्या बॉम्बहल्ल्यात लंडनच्या गोदामाला आग लागली आणि सोजीरांच्या सेवानोंदींपैकी निम्म्याहून जास्त जळाल्या. उरते पलटणीची वॉर डायरी, म्हणजे लढाईतली रोजनिशी. जागा, तारीख, वेळ, घडामोडी असे रकाने. लिहिणारा बहुधा अ‍ॅडजुटंट, म्हणजे पलटणीचं कागदपत्र सांभाळणारा अधिकारी. तिच्यात अधिकाऱ्यांची नावं येतात, बाकीच्यांची बेरीज. शिवाय पहिली आणि दुसरी डॉर्सेट यांची गल्लत हमखास होते. पहिली फ्रान्स-बेल्जियमला होती. मे 1915 मध्ये बेल्जियमच्या हिल 60 वर विषारी वायूनं मेला तो तिचा माणूस, पुण्याहून गेलेला नव्हे. पदकांचंही तसंच. फावला 1914 मध्ये उतरलेल्याला 1914-15 चा स्टार (पदक) मिळतो, 1914 चा नाही, कारण तो फक्त फ्रान्स-बेल्जियमसाठी होता. कार्डावर 1914 चा स्टार दिसला नाही म्हणून वारसांनी भांडू नये.

पूर्वी मी ठासून म्हणायचो की ब्रिगेड एक, म्हणजे इतिहासही एक. कातडीचा रंग बघू नका. आता तसं म्हणवत नाही. कारण कूत.

7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 तिथे आपल्या फौजेला तुर्कांचा वेढा होता. आत एकच गाव, एकच नदी, पण शिधा दोन. गोऱ्यांना पांढऱ्या पिठाचा पाव. त्यांच्यात बेरीबेरी, म्हणजे ब-जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, पसरला. देशी शिपायांना कणीक, म्हणून त्यांना बेरीबेरी फारसा नाही, पण ताजं मांस आणि भाजी नाही म्हणून स्कर्व्ही, म्हणजे क-जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. पांढरं पीठ संपत आलं आणि गोऱ्यांच्या पावात जव, कणीक मिसळली जाऊ लागली, तसा बेरीबेरी ओसरला. घोड्याचं मांस गोरे खात होते, त्यामुळे स्कर्व्ही त्यांना कमी. देशी पलटणींतल्या बहुतेकांनी ते एप्रिलपर्यंत तोंडाला लावलं नाही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी नाही. गावी परतल्यावर जातीबाहेर टाकतील ही भीती तिकडच्या तारेनं कशी जाणार? शेवटी पाव 4 औंसांवर आला, म्हणजे जेमतेम 113 ग्रॅम. विमानांतून पोती टाकली, त्यातली काही नदीत, काही तुर्कांकडे. 24 एप्रिलच्या रात्री 270 टन शिधा घेऊन निघालेली जुलनार बोट नदीतच अडकली.

शरणागतीनंतर शामरानच्या तळावर टणक तुर्की बिस्किटं मिळाली. उपाशी पोटांनी ती खाल्ली आणि माणसं आतड्याच्या दुखण्यानं मेली. मग अधिकाऱ्यांना वेगळं काढून बोटीनं वर नेलं, बाकीचे पायी बगदादकडे. बगदादहून पुढे रेल्वे होती, पण ती समाऱ्याला संपत होती. पुढे मोसुलवरून रास-अल-ऐनपर्यंत पुन्हा वाळवंटातून पायपीट, आणि अनेकांना तिथून तुर्कस्तानातल्या अमानुस डोंगरात रेल्वेच्या बोगद्याच्या कामाला. हजेरी घेणारा अ‍ॅडजुटंट नाही, डायरी नाही. म्हणून या मृत्यूंच्या तारखा अंदाजी आहेत आणि कबरी विखुरलेल्या. अनातोलियातल्या कित्येक नंतर बगदादच्या नॉर्थ गेट दफनभूमीत हलवल्या.

डॉर्सेटचे सुमारे 350 कैदेत गेले, 70 च्या आसपास जगले. कूतच्या सगळ्या गोऱ्या सोजीरांपैकी दोन तृतीयांश मेले. हिंदुस्थानींमध्ये प्रमाण पुष्कळ कमी दिसतं. 'बघा, आपली माणसं काटक!' असं लगेच कुणीतरी म्हणतं. थांबा. मुसलमान शिपायांना तुर्कांनी वेगळं ठेवलं, बोगद्याचं काम गोऱ्यांच्या वाट्याला जास्त आलं, आणि हिंदुस्थानींचे आकडे मुळात ढोबळ. ज्यांची नावंच धड लिहिली नाहीत त्यांची टक्केवारी कशी छातीठोक सांगायची? पण म्हणून फरक नव्हताच, असंही मी म्हणणार नाही.

आणि दुसरी डॉर्सेट कूतमध्ये संपली, असंही लिहू नका. वेढ्याबाहेर राहिलेले, आजारातून उठलेले आणि नवी भरती यांची दुसऱ्या नॉरफोक या आणखी एका गोऱ्या पलटणीच्या माणसांबरोबर मिश्र पलटण झाली होती, तिला 'नॉरसेट' म्हणत. ती कूत सोडवायला निघालेल्या फौजेत होती. त्यामुळे कार्डावर डॉर्सेट आणि मृत्यू 1916 च्या वसंतात कूतच्या बाहेर, अशी नोंद दिसली तर ती चूक समजू नये. आधी नॉरसेट तपासा. जुलै 1916 मध्ये ती मोडून दुसरी डॉर्सेट पुन्हा उभी राहिली, 1917 च्या मार्चमध्ये जबल हमरीनला लढली आणि 1918 ला पॅलेस्टाइनला गेली.