डोंबिवलीचं घर, नाशिकचे शनिवार

नवऱ्याची नाशिकची नोकरी २०२५ च्या मार्चअखेर पक्की झाली. त्याआधी सहा महिने तो अंबड एमआयडीसीजवळ एका खोलीत राहत होता आणि शनिवार-रविवार डोंबिवलीला येत होता. त्यामुळे घर हलवायचं की नाही यावर आमच्यात फार चर्चा झालीच नाही. मे महिन्यात घर हलवायचं, जूनमध्ये लेकीला पहिलीत घालायचं, असं दोघांनी फोनवर ठरवून टाकलं. लेकीला मात्र सगळं ठरल्यावर सांगितलं. तिथे आमचं चुकलं.

पावणेसहा वर्षांची मुलगी. ती रडली नाही, ओरडली नाही. मी खोक्यात भरलेली तिची पुस्तकं ती दुपारी एकेक करून बाहेर काढायची आणि परत कपाटात लावायची. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिने ते गाव बघितलेलंच नाही. न बघितलेल्या गावाला तीच काय, मी तरी हो कशी म्हणू?" त्या स्वतः चाळीस वर्षं डोंबिवलीत राहिलेल्या. त्यांनाही आम्ही विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा लख्ख कळलं.

मग आम्ही ठरवलं की सामान हलायच्या आधी आपण सगळ्यांनी जमेल त्या शनिवारी नाशिकला जायचं. घरं बघायची, पण नुसती घरंच नाही. प्रत्येक खेपेला त्या भागातली एक जागा मुलांना दाखवायची.

पहिल्या खेपेला शुक्रवारी संध्याकाळी कल्याणहून पंचवटी एक्सप्रेस पकडली. दीड वर्षाचा धाकटा मांडीवर, सासूबाई खिडकीशी. कसाऱ्याला गाडी थांबली तेव्हा मी लेकीला सांगितलं की आता घाट चढायचाय, एकट्या इंजिनाला जड जातं, म्हणून मागून आणखी इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. मागून धक्का बसला तसा तिने माझा हात घट्ट धरला. इगतपुरीपर्यंत ती बोगदे मोजत होती. एप्रिलमधली ती रात्र, आणि नाशिक रोडला उतरल्यावर वारा लागला. डोंबिवलीच्या चिकट घामानंतर तो कोरडा वारा सासूबाईंना पहिल्यांदा आवडला. त्या बोलल्या नाहीत, पण पदर सोडून सैल बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच पांडवलेणी गाठली. उन्हाळ्यात तिथे आठच्या आत पायऱ्या चढून व्हायला हव्यात, नंतर दगड तापतो. चोवीस लेणी आहेत, आम्ही तीन-चारच नीट बघितली. तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख मला दाखवायचा होता. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने आपल्या मुलाचं कौतुक दगडात कोरून ठेवलंय, एवढंच लेकीला सांगितलं. "आईने लिहिलंय?" तिने दोनदा विचारलं. अक्षरं वाचता येईनात म्हणून तिने त्यांचे आकार वहीत उतरवून घेतले. खाली उतरून मिसळ खाल्ली आणि मग दुपारी चार घरं बघितली.

घराबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आमची खरी धावपळ इथेच झाली.

आम्हाला तीन गोष्टी हव्या होत्या: शाळा चालत जाण्याइतकी जवळ, सासूबाईंसाठी पहिला मजला किंवा लिफ्ट, आणि उन्हाची गच्ची. दुसऱ्या खेपेला इंदिरानगर भागात पहिल्या मजल्यावरचं घर मिळालं. भाडं १६,०००, अनामत ५०,०००. मालक भले गृहस्थ होते, पण म्हणाले, "अकरा महिन्यांचाच करार, साध्या स्टॅम्पपेपरवर करून टाकू." पुष्कळांचा असा समज असतो की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात तसं नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकावर असते. नवऱ्याने हे शांतपणे समजावलं आणि खर्च आम्ही करतो म्हणून सांगितलं. खर्च तरी किती? एकूण भाडं आणि अनामतीवरचं वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. आमच्या हिशोबाने ते साडेचारशेच्या घरात गेलं. वर महापालिका हद्दीतलं नोंदणी शुल्क १,००० आणि एजंटाची मजुरी. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला, आधारवरून सगळ्यांचे अंगठे आणि फोटो घेतले, आणि काही दिवसांत नोंदणीकृत प्रत फोनवर आली.

पुढची सगळी कामं त्या एका कागदावर झाली. शाळेत पत्त्याचा पुरावा, गॅसची नवी जोडणी, आधारवरचा पत्ता, बँक. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने करार नंतर करू म्हणून आधी सामान हलवलं होतं आणि दोन महिने प्रत्येक खिडकीवरून परत येत होते. घर हलवणाऱ्या कुणीही मला विचारलं तर मी हेच सांगते, टेम्पो ठरवायच्या आधी करार नोंदवा.

शाळेचं काम त्या मानाने सोपं गेलं. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, त्यात ती बसत होती. जन्मदाखला, आधार आणि करार, एवढ्यावर प्रवेश झाला.

तिसरा शनिवार सिन्नरचा. गोंदेश्वराचं मंदिर मी शाळेच्या सहलीत बघितलं होतं, तेव्हा काही कळलं नव्हतं. मधोमध मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरं, म्हणजे पंचायतन. लेकीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. मधलं आजीचं, बाकीची आमची चौघांची. सासूबाई तिथल्या सावलीत पाय सोडून तासभर बसल्या आणि परतताना म्हणाल्या, "अक्षय्य तृतीयेला दूध उतू घालू या का?" अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. किल्ली तोवर हातात आली होती. रिकाम्या घरात इंडक्शन शेगडीवर दूध उतू गेलं, गणपतीला सुपारी मांडली, आणि आम्ही परत डोंबिवलीला. घर आपलं झालं होतं, सामान मागाहून येणार होतं.

आता बांधाबांध. मे म्हणजे आमच्याकडे वाळवणाचा महिना. मी म्हटलं, यंदा राहू दे. सासूबाई म्हणाल्या, "वर्षाचं घरात नको का?" त्यांनी गच्चीवर कुरडया घातल्याच. त्यातल्या अर्ध्या वाळल्या. पुढे जे झालं ते त्या उन्हाळ्यात सगळ्यांचंच झालं. मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास धो-धो पाऊस सुरू झाला. वळवाची एखादी सर नव्हे, पावसाळ्यासारखा पाऊस. उरलेल्या कुरडया बुरशीने गेल्या. त्यांनी त्या टाकताना तोंडातून शब्द काढला नाही आणि मला ते अजून लागून राहिलंय. मी त्यांना एप्रिलमध्येच मदत केली असती तर सगळ्या वाळल्या असत्या.

दुसरी चूक गॅसची. दुसऱ्या गावाला जाताना दोन्ही सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यावं लागतं आणि ते नव्या गावच्या एजन्सीला द्यायचं असतं. हे काम लवकर उरकावं म्हणून मी ते आठ दिवस आधीच केलं. मग आठ दिवस पाच माणसांचा स्वयंपाक एका इंडक्शनवर. भाकरी नाही, भाजलेलं वांगं नाही, धाकट्याचं पाणी तापवायला वेगळी वेळ. गॅस सगळ्यात शेवटी, निघायच्या आदल्या दिवशी जमा करावा.

सामान २४ मेच्या शनिवारी हलवलं. सोमवारी दुपारी अमावस्या लागत होती, सासूबाईंना त्याच्या आत जायचं होतं. त्याच सोमवारी, २६ मेला, मान्सून मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवीची तारीख ११ जून. म्हणजे आम्ही अगदी त्याच्या तोंडावर निघालो होतो.

टेम्पोवाल्यांशी फोनवर १८,००० ठरले होते. सामान अर्धं खाली आल्यावर त्यांचा माणूस म्हणाला, ताडपत्रीचे वेगळे, पहिल्या मजल्यावर चढवायचे वेगळे, टोल वेगळा, एकूण चोवीस हजार. पाऊस पडत होता, गाद्या जिन्यात होत्या, सोसायटीने सामान हलवायला दुपारी दोनपर्यंतचीच वेळ दिली होती. आम्ही दिले. अशा वेळी भांडण होत नाही, हे त्यांना माहीत असतं, आणि म्हणूनच मला त्याचा राग आहे. भरणं, उतरवणं, मजला, टोल, ताडपत्री या पाचही गोष्टी आधी संदेशात लिहून घ्याव्यात. बोलणं पुरत नाही. आम्ही एक गोष्ट मात्र बरोबर केली होती. प्रत्येक खोक्यावर नंबर आणि नव्या घरातली खोली लिहिली होती, आणि कागदपत्रं, दागिने, औषधं, धाकट्याचे कपडे गाडीत आमच्याजवळ ठेवले होते. कैरीच्या लोणच्याची बरणी सासूबाईंनी टेम्पोत दिलीच नाही. फडकं बांधून ती मांडीवर घेऊन त्या अख्खा कसारा घाट बसल्या. घाटात धुकं होतं, गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. तुळशीची कुंडी लेकीच्या पायाशी.

टेम्पो रात्री दहाला पोचला. दोन गाद्या भिजल्या होत्या, बाकी सगळं ठीक. आम्ही सतरंजीवर झोपलो. मध्यरात्री लेक उठून बसली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "आई, तो लेख इथून किती लांब आहे?" मी म्हटलं, गाडीने दहा मिनिटं. ती झोपली.

खोकी अर्धीसुद्धा उघडली नव्हती, तरी पुढच्या शनिवारी, ३१ मेला, आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो. घर लावायचं सोडून कुठे निघालात, असं माझी आई फोनवर म्हणाली. पण काजवे कुणासाठी थांबत नाहीत. मेच्या मध्यापासून जोराचा पाऊस सुरू होईपर्यंतचेच त्यांचे दिवस, आणि त्यातही अमावस्येच्या आगेमागे बघायला जावं, चांदण्यात ते फिके दिसतात. त्या वर्षी पाऊस लवकर आल्याने मिळतील की नाही याची धाकधूक होती. घोटीमार्गे गेलो. दिवसा रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघितलं, अंधार पडल्यावर गाडी दूर लावून, दिवे विझवून, पायी चालत गेलो. तिथल्या वाटाड्या दादांनी आधीच बजावलं होतं की बॅटरी लावायची नाही, फांदी हलवायची नाही, बाळ रडलं तर मागे जायचं. एका सादड्याच्या झाडावर ते होते. फार नव्हते. दादा म्हणाले, चांगल्या वर्षी अख्खं झाड पेटल्यासारखं दिसतं. पण जेवढे होते तेवढे एकदम उजळत होते आणि एकदम विझत होते. सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी लहानपणी बघितले होते, आजोळी. त्यानंतर आजच." चाळीस वर्षं आम्ही त्यांना कुठे नेलंच नव्हतं, असं मला वाटलं. नवऱ्यालाही वाटलं असावं, तो त्यांचा हात धरून चालला.

त्यानंतरचे दिवस पटापट गेले. १० जूनला वटपौर्णिमा. खालच्या मजल्यावरच्या काकू स्वतःहून वर आल्या आणि सासूबाईंना आणि मला वडाकडे घेऊन गेल्या. १४ तारखेला जुन्या घरमालकांकडून अनामत आणायला डोंबिवलीला गेलो. येताना समृद्धी महामार्गाने आलो. आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जूनलाच खुला झाला होता. तिथला जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा बघताबघता मागे पडला. तीन आठवड्यांपूर्वी त्याच डोंगरातून बरणी सांभाळत काढलेले ते तास आठवले. अनामतीतून रंगाचे पैसे कापले गेले. करारात तसं लिहिलेलं नव्हतं. आम्ही करार दाखवला, निम्मे परत मिळाले, निम्म्यांवर पाणी सोडलं.

१६ जूनला शाळा सुरू झाली. दप्तरात लेकीने ती पांडवलेण्यांतल्या अक्षरांची वही घेतली होती. बाईंना दाखवली, पण बाईंनाही ते वाचता आलं नाही म्हणाली.

त्याच आठवड्यात लोणचं मुरलं. सासूबाईंनी वाटीभर लोणचं खालच्या काकूंना पाठवलं. संध्याकाळी वाटी परत आली ती भरून, त्यांच्या घरच्या नागलीच्या पापडांचे तुकडे घालून. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ चावून बघितला आणि मला म्हणाल्या, "विचार त्यांना, कोणत्या महिन्यात घालतात. मी खाली जाईन लाटायला."